हीटर कोअर गळतोय? डॅशबोर्ड खोलण्याआधी हे करून बघा

ब्लोअर काचेकडे वळवला की आतलं धुकं निघून जायला हवं. ते जाण्याऐवजी दाट होत चाललं, फडक्याने पुसल्यावर काचेवर तेलकट ओघळ राहिले, गाडीत गोडसर वास येऊ लागला आणि मॅट उचलल्यावर खालचं कार्पेट ओलं लागलं, तर संशय हीटर कोअरवर जातो. गॅरेजमध्ये दाखवलं की बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल." ते ऐकून अनेकांचा धीर सुटतो. काही जण रोज पाणी घालत गाडी तशीच रेटतात, काही जण गळती बंद करणाऱ्या द्रव्याची बाटली आणून ओततात. दोन्ही पुढे महागात पडू शकतं.

हीटर कोअर हा सुटा भाग बहुतेक गाड्यांत महाग नसतो. खर्च असतो तो त्याच्यापर्यंत पोचायच्या मजुरीचा. काही गाड्यांत पायाजवळचं एक पॅनल काढलं की कोअर बाजूने सरकवून बाहेर येतो आणि तासा-दोन तासांत काम होतं. अनेक गाड्यांत मात्र सहा ते दहा तास जातात. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर कामाचा क्रम सांभाळा: गळती नक्की कुठे आहे ते आधी सिद्ध करा, मग स्वस्तात सुटणारी कारणं तपासा, गरज पडली तर बायपास करून, म्हणजे कोअर तात्पुरता वगळून, वेळ मिळवा, आणि त्या वेळात कायमच्या दुरुस्तीची तयारी करा.

आत काय घडतं

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातून साधारण ९० अंश सेल्सिअसचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) एका होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा वेगळी करणारा पत्रा) ओलांडून त्याच्यात येतं, दुसऱ्या होजमधून परत जातं, आणि ब्लोअरची हवा त्याच्या जाळीतून गरम होऊन आत येते. जुन्या गाड्यांत तो तांब्या-पितळेचा, डाग देऊन (सोल्डरिंगने) जोडलेला असायचा. नंतरच्या गाड्यांत ॲल्युमिनियमचा, बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या टाक्या जोडलेला असतो.

त्याच्या नळ्यांचे पत्रे पातळ असतात. कूलंटमधली गंजरोधक रसायनं वर्षागणिक संपत जातात, मग तेच कूलंट आतून धातू खायला लागतं. गरम असताना या यंत्रणेत साधारण १ बार, म्हणजे १३ ते १६ पीएसआय दाब असतो. त्यामुळे सुईच्या टोकाएवढं छिद्र गाडी थंड असताना अजिबात गळत नाही, पण इंजिन तापलं की तिथून बारीक फवारा उडतो. काचेवर बसतं ते हेच, आणि म्हणूनच ते साध्या धुक्यासारखं पुसलं जात नाही.

आधी पुरावा गोळा करा

कार्पेट ओलं होण्याची कारणं एकाहून जास्त आहेत. एसीच्या थंड जाळीवर जमणारं पाणी एका छोट्या नळीतून गाडीखाली जातं. ती नळी चिखलाने किंवा पाल्याने तुंबली की ते पाणी आत सांडतं. पावसाचं पाणी पुढच्या काचेच्या रबरातून किंवा सनरूफच्या नळ्यांमधूनही उतरतं. माझ्या एका जुन्या गाडीला एका गॅरेजने न तपासताच हीटर कोअरचं काम सांगितलं होतं. दोन दिवस मी नवीन कोअर शोधत फिरलो. शेवटी गाडीखाली आडवा होऊन एसीची नळी मऊ तारेने हलकेच मोकळी केली, तर काळ्या चिखलाचा बोळा पडला आणि मागोमाग दोन पेले स्वच्छ पाणी आलं. कोअर ठणठणीत होता. तेव्हापासून पुराव्याशिवाय मी एकही स्क्रू काढत नाही.

सगळ्यात सोपी चाचणी टिश्यूची आहे. कार्पेटच्या खालचा फोम पांढऱ्या टिश्यूने दाबा आणि दहा सेकंद धरा. कूलंट असेल तर हिरवी, गुलाबी, नारिंगी किंवा निळी छटा उमटते. हातमोजा घालून बोटांत चोळलं की ते निसरडं लागतं. रंग दिसला नाही तरी तो टिश्यू रात्रभर उघड्यावर ठेवा. पाण्याचा टिश्यू सकाळी कोरडा आणि कडक होतो. कूलंटचा मात्र ओलसर, चिकट राहतो, कारण त्यातलं ग्लायकॉल सहजी उडून जात नाही. चव घेऊन बघायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि ते मूत्रपिंड निकामी करतं.

यासोबत कूलंटच्या टाकीवर थंड इंजिनाच्या पातळीला चिकटपट्टीची खूण करा आणि रोज सकाळी बघा. गाडीखाली एसीच्या नळीतून रंगीत थेंब पडतात का, हेही पाहा. कोअर आणि एसीची जाळी अनेक गाड्यांत एकाच खोक्यात असतात, त्यामुळे त्या नळीतून कूलंट येणं हा फार भक्कम पुरावा आहे.

पक्की खात्री दाब-चाचणीने होते. हातपंप आणि मापक असलेलं हे साधन काही ठिकाणी भाड्यानेही मिळतं, नाहीतर गॅरेजमध्ये फक्त एवढीच चाचणी करून मागा. इंजिन पूर्ण थंड असताना पंप टाकीच्या झाकणाच्या जागी बसवा आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब भरा, त्याच्या वर नको. पंधरा मिनिटं काटा बघा. तो उतरला तर कुठेतरी गळती आहे. बाहेर इंजिनाकडे सगळं कोरडं आणि पायाजवळ ओल वाढतेय, तर शंका जवळपास मिटली. काटा उतरतोय पण आत-बाहेर कुठेच ओल नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय किंवा टाकीत बुडबुडे दिसतायत, तर तो हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा, आजार असू शकतो. तिथे हीटर कोअरवर एक पैसाही घालू नका.

फायरवॉलपाशी थांबा

कोअरपर्यंत जाण्याआधी बॉनेट उघडून त्या दोन होज फायरवॉलमध्ये शिरतात तिथे टॉर्च मारा. वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा हिरवट-गुलाबी थर क्लिपभोवती जमलेला दिसला तर आनंद माना. सैल झालेल्या जोडातून निघालेलं कूलंट होजच्या कडेने वाहत फायरवॉलच्या रबरातून आत उतरू शकतं, आणि आत बसलेल्याला ते हुबेहूब कोअरच्या गळतीसारखं दिसतं. स्प्रिंगच्या क्लिपांची पकड जुनी झाली की ढिली पडते. होजचं टोक उन्हातान्हात शिजून कडक झालेलं असतं. लांबी पुरत असेल तर टोकाचा दोनेक सेंटिमीटर तुकडा कापून टाका आणि नवी स्क्रूची क्लिप लावा. काही गाड्यांत नळ्या कोअरला ओ-रिंगने (रबरी कड्याने) जोडलेल्या असतात, तिथे ओ-रिंग बदलून काम भागतं. होजमध्ये हीटरचा व्हॉल्व्ह असेल तर त्याचं प्लॅस्टिकही तडकलेलं नाही ना, ते पाहा.

जुनी होज निघत नसेल तर पिळू किंवा ओढू नका. कोअरच्या नळ्या मऊ असतात, हिसका बसला की मुळाशी चिरतात, आणि मग चांगल्या कोअरचाही बळी जातो. ब्लेडने होजला लांबीच्या दिशेने चीर द्या, नळीला ओरखडा जाऊ न देता, आणि केळ्याची साल सोलावी तशी सोलून काढा. होज स्वस्त आहे, ती गेली तरी चालेल.

बायपास: कमी खर्चात मिळणारा वेळ

कोअरच गळतोय हे ठरलं, पण मोठ्या कामाला आत्ता पैसे किंवा वेळ नाहीत. अशा वेळी कोअर रस्त्यातून वगळून दोन्ही होज एकमेकींना जोडायच्या. मला वाटतं, हा सगळ्यात प्रामाणिक तात्पुरता उपाय आहे. गळती तिथल्या तिथे थांबते, इंजिन सुरक्षित राहतं आणि उद्या सगळं पूर्ववत करता येतं.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, काही तास लागले तरी चालतील. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उडतं. झाकण हळूच सैल करून दाब सोडा, होजखाली स्वच्छ भांडं ठेवा आणि दोन्ही होज कोअरच्या नळ्यांवरून काढा. होजचा आतला व्यास मोजा. बऱ्याच गाड्यांत तो १६ किंवा १९ मिलिमीटर असतो, आणि काही वेळा दोन्ही होज वेगवेगळ्या मापाच्या निघतात. त्या मापाचा पितळी किंवा उष्णता सोसणारा जोड घ्या, दोन्ही टोकं त्यावर सरकवा आणि प्रत्येक बाजूला स्क्रूची क्लिप आवळा. होज समोरासमोर येत नसतील तर इंग्रजी यू आकाराची तयार हीटर होज वापरा. साधी बागेची नळी किंवा पाण्याच्या नळाचे प्लॅस्टिकचे जोड लावू नका, ते गरम कूलंटच्या दाबाखाली मऊ पडून निखळतात. जोडलेली होज एक्झॉस्टच्या नळीला किंवा फिरत्या पट्ट्याला टेकत नाही, एवढं शेवटी बघून घ्या.

होज जोडण्याऐवजी दोन्ही टोकांना बुचं मारून मोकळं व्हायचा मोह होतो. काही इंजिनांत चालतंही. पण कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) बंद असताना कूलंट फिरतं ते हीटरच्याच वाटेने. ती वाट बंद केली तर इंजिनाचे काही भाग असमान तापतात. माहिती नसेल तर जोडणंच बरं. काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर प्रवाह रोखणारी बारीक छिद्राची चकती असते, ती फेकू नका, जागच्या जागी राहू द्या.

बायपासची किंमतही समजून घ्या. गरम हवा मिळणार नाही, आणि काचेवरचं धुकं घालवायची ताकदही बरीच कमी होईल. हवा गोठणबिंदूच्या बरीच वर असेल तर एसी लावून हवा कोरडी करता येते आणि काच साफ राहते. कडक थंडीत मात्र एसी त्या कामाला पुरत नाही. समोरचं दिसत नसताना गाडी चालवणं म्हणजे जीवाशी खेळ, आणि अनेक देशांत काच स्वच्छ ठेवणारी यंत्रणा चालू असणं कायद्यानेही बंधनकारक आहे. हिवाळा तोंडावर असेल तर बायपासला काही दिवसांचीच मुदत द्या.

बाटलीतलं औषध

गळती बंद करणारं द्रव्य ओतायचा सल्ला तुम्हाला सगळ्यात आधी मिळेल, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे. त्यातले बारीक कण किंवा तंतू छिद्रापाशी अडकून ते बुजवतात. अडचण अशी की छिद्र कोणतं आणि अरुंद वाट कोणती, हे त्या कणांना कळत नाही. जिथे आधीच गाळ साचलाय, तिथेही ते बसतात, मग रेडिएटर अर्धा तुंबतो आणि इंजिन तापू लागतं. अगदी थेंब-थेंब झिरप असेल, कूलंट स्वच्छ असेल आणि थंडीमुळे बायपास परवडत नसेल, तेव्हाच मी ते वापरीन. बाटलीवरच्या प्रमाणापेक्षा थेंबभरही जास्त घालू नका, आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी चालवा, नाहीतर काही गाड्यांत ते कोअरपर्यंत पोचतच नाही. हेड गॅस्केटसाठी मिळणारी सोडियम सिलिकेटची द्रव्यं इथे अजिबात नकोत, ती नळ्यांत काचेसारखी घट्ट होतात. अंड्याचा पांढरा भाग, मिरपूड, हळद असले घरगुती प्रयोगही कूलंटमध्ये करू नका.

कोअर बदलायचं ठरलं तर

पहिलं काम गाडीच्या नेमक्या मॉडेलची आणि वर्षाची दुरुस्ती-पुस्तिका मिळवणं. त्यात दोन प्रश्नांची उत्तरं शोधा: कोअर डॅशबोर्ड न उतरवता निघतो का, आणि तो काढायला एसीच्या नळ्या सोडवाव्या लागतात का. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर काम सुरू करण्याआधी एसीचा गॅस यंत्राने काढून घ्यायला गाडी गॅरेजला न्यावी लागेल. तो गॅस हवेत सोडणं अनेक देशांत गुन्हा आहे, आणि अचानक सुटला तर अतिथंडीने त्वचा आणि डोळ्यांना इजा होते. फक्त गॅस काढण्याचं आणि नंतर भरण्याचं काम गॅरेजला द्या, बाकीची मजुरी तुमची वाचते.

डॅशबोर्डला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण तार काढा आणि पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज थोडा काळ साठून राहते. एअरबॅगचे पिवळ्या आवरणाचे कनेक्टर मीटर लावून तपासू नका. स्टीअरिंगचा दांडा सोडवावा लागला तर चाकं सरळ करून स्टीअरिंग बांधून ठेवा. ते मोकळं फिरलं तर आतली गुंडाळलेली वायरची पट्टी तुटते.

स्क्रूंसाठी छोट्या पिशव्या घ्या. प्रत्येक पिशवीवर कुठून काढला ते लिहा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. डॅशबोर्डचे स्क्रू दिसायला सारखे असतात पण लांबीला वेगळे, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की प्लॅस्टिकला भोक पाडतो किंवा वायर कापतो. पहिल्या दिवशी वेळखाऊ वाटणारं हे काम तिसऱ्या दिवशी तुमचे तास वाचवतं.

सुटा भाग घेताना जुना वापरलेला कोअर घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या आत किती गंज आहे ते दिसत नाही, आणि तो सहा महिन्यांत गळला तर सगळी मेहनत पुन्हा. दुसऱ्या कंपनीचा नवीन कोअर चालेल, पण तो जुन्याशेजारी ठेवून लांबी, रुंदी, जाडी आणि नळ्यांचे कोन जुळवा. तांब्या-पितळेचा जुना कोअर असेल तर रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीर डाग देऊन तो वाचवू शकतो. ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या कोअरवर तो खर्च वाया जातो.

नवीन कोअर बसवण्याआधी एक नळी बंद करून दुसरीतून १ बारपर्यंत हवा भरा आणि तो बादलीत बुडवून पाहा. बुडबुडा आला तर तसाच परत करा. जुन्या कोअरभोवती फोमची पट्टी असते, ती बहुतेक वेळा हात लावताच भुगा होते. तिथे तेवढ्याच जाडीची नवी पट्टी चिकटवा. ती नसेल तर हवा कोअरला वळसा घालून जाते आणि नवा कोअर असूनही हीटर कोमट राहतो. ओ-रिंगला कूलंट लावा, तेल-ग्रीस नको. हवेचे दरवाजे बोटाने हलवून पाहा, आणि ते हलवणारी एखादी मोटर कुरकुरत असेल तर आत्ताच बदला.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं: डॅशबोर्ड परत बसवायच्या आधी कूलंट भरून दाब-चाचणी पुन्हा करा. पंधरा मिनिटं काटा स्थिर राहिला की मगच पहिला स्क्रू लावा.

कूलंट भरणं आणि हवा काढणं

जुनं कूलंट गढूळ किंवा विटकरी असेल तर आधी साध्या पाण्याने यंत्रणा धुऊन घ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळून भरा. हे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. दोन वेगळ्या रसायनांची कूलंट फक्त रंग जुळतो म्हणून एकत्र करू नका, त्यांचा रंग एकसारखा असला तरी घटक वेगळे असू शकतात.

गाडीचं पुढचं टोक चढावावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. इंजिन सुरू करून पातळी राखत राहा. रेडिएटरच्या होजला हात लावून पाहत थर्मोस्टॅट उघडल्याची आणि पंखा सुरू झाल्याची वाट बघा. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येत राहिला तर हवा अजून अडकलेली आहे. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या वर चढायला लागला तर इंजिन लगेच बंद करा. कूलंट कमी असताना सेन्सर हवेत राहतो आणि काटा खोटं थंड दाखवतो, त्यामुळे फक्त काट्यावर विसंबू नका. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा भरा.

कार्पेट आणि काच

कूलंट आपोआप वाळत नाही. कार्पेट उचलून खालचा फोम बाहेर काढा, कोमट पाणी आणि थोड्या सौम्य साबणाने दोन-तीनदा धुवा आणि पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने कोरडा करा. काही गाड्यांत कार्पेटखालीच वायरचे कनेक्टर किंवा नियंत्रण-यंत्र असतं, तिथे ओल राहिली तर महिन्याभराने विजेचे विचित्र बिघाड सुरू होतात. काचेवरचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, प्रत्येक वेळी स्वच्छ कापडाने, आणि कापडावर चिकटपणा येईनासा होईपर्यंत. सांडलेलं कूलंट ताबडतोब पुसा. त्याची गोड चव कुत्र्या-मांजरांना खेचते आणि थोडंसं चाटलं तरी ती दगावू शकतात. जुनं कूलंट गटारात न ओतता बंद डब्यात ठेवून ते घेणाऱ्या ठिकाणी द्या.

कोअर पुन्हा का सडेल

नवा कोअर बसवून वर्षभरात परत गळती लागते, तेव्हा दोष बऱ्याचदा कोअरचा नसतो. गाडीतली भरकटलेली वीज कूलंटमधून वाट काढू लागली की पातळ ॲल्युमिनियम झपाट्याने पोखरलं जातं. तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. थंड इंजिनावर झाकण उघडा, मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि लाल टोक फक्त कूलंटमध्ये बुडवा, धातूला लागू देऊ नका. इंजिन सुरू करून लगेच वाचन घ्या, मग हेडलाइट, ब्लोअर, एसी एकेक करून चालू करा. आकडा ०.३ व्होल्टच्या वर गेला किंवा एखादं बटण दाबताच उडी मारून वर गेला, तर त्या उपकरणाचं अर्थिंग खराब आहे. इंजिन आणि बॉडीमधली जाड अर्थिंगची पट्टी काढा, दोन्ही टोकं सॅंडपेपरने घासून चमकवा आणि घट्ट बसवा. दाबाचं झाकण जुनं असेल तर तेही बदला, कारण ते वेळेवर उघडलं नाही तर दाब वाढून नव्या कोअरच्या जोडांवर ताण येतो.

काम झाल्यावर आठवडाभर कार्पेटखाली कोरडा पांढरा टिश्यू ठेवा, रोज संध्याकाळी तो उचलून उजेडात पाहा आणि चिकटपट्टीची खूणही तपासा. टिश्यूवर काहीच उमटलं नाही आणि पातळी खुणेवर राहिली, की फोम परत चिकटवायला हरकत नाही.